कोयनेच्या भिंतीचे ७६० तुकडे

अबॅकस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. विमानाचा पंख, मोटारीचा सांगाडा, गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधा अशा कशावरही भार आला तर आत किती ताण येईल, हे वस्तू घडवण्याआधीच बघण्यासाठी इंजिनिअर ते वापरतात. त्याच्याबरोबर सोडवलेल्या उदाहरणांची एक जाडजूड पुस्तिका येते, आणि त्या पुस्तिकेत एक धरण आहे. उंची १०३ मीटर, पायथ्याशी जाडी ७१ मीटर, माथ्याकडे निमुळतं होत गेलेलं. भूकंपात काँक्रीटला तडे कसे जातात हे ज्यांना शिकायचं असतं, त्यांच्यापुढे जगात कुठेही हेच धरण येतं. धरणाचं नाव कोयना.

पहिल्यांदा तिथे ते नाव वाचलं तेव्हा मी पान मागे उलटून पुन्हा वाचलं. कराडहून कुंभार्ली घाटाकडे जाताना लागतं ते, शिवसागराचं पाणी अडवून उभं असलेलं आपलं कोयना. पुस्तिकेत त्याचा उभा छेद आहे, भिंत सुरीनं कापून बाजूनं बघावी तसा. आणि तो छेद ७६० छोट्या चौकोनी तुकड्यांत विभागलेला आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसती जाळी. या तुकड्यांना इंजिनिअर ‘एलिमेंट’ म्हणतात, जाळीला ‘मेश’, आणि जाळीच्या गाठींना ‘नोड’. सगळ्या पद्धतीचं नाव फायनाइट एलिमेंट मेथड. फायनाइट म्हणजे मर्यादित, ज्याला माप आहे असा. पूर्ण भिंतीएवढा मोठा नाही आणि बिंदूएवढा शून्यही नाही, असा मधल्या मापाचा तुकडा.

तुकडे कशासाठी करायचे, हे कळायला आधी अडचण कळायला हवी.

भिंतीच्या आत काय चाललंय, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार अवघड आहे. पाणी एका बाजूनं रेटतं, भिंतीचं स्वतःचं वजन खाली दाबतं, पाया वर रेटतो. या सगळ्याचा मिळून आतल्या एखाद्या ठिकाणी दाब आहे की खेच, आणि किती? असं ठिकाण एक नाही. भिंतीत बिंदू अनंत आहेत आणि प्रत्येक बिंदूचं उत्तर शेजारच्या बिंदूच्या उत्तरावर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये नाव्हिए आणि कोशी यांनी १८२०च्या दशकातच यासाठीची समीकरणं लिहून ठेवली. ती आजही तीच आहेत. पण समीकरण लिहिणं वेगळं आणि सुटणं वेगळं. गोल, सरळ, लांबच लांब अशा सोज्वळ आकारांसाठीच ती सुटायची. किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९८ मध्ये असंच एक सोडवलं. मोठ्या सपाट पत्र्याला मधोमध गोल भोक पाडलं आणि पत्रा दोन्हीकडून ओढला, तर भोकाच्या काठावरचा सर्वांत मोठा ताण बाकी पत्र्याच्या बरोबर तिप्पट होतो. भोक टाचणीएवढं असो की परातीएवढं, पत्रा त्याच्या मानानं भरपूर मोठा असला की उत्तर तीनच. हे वाचून मला आजही नवल वाटतं. पण भोक चौकोनी केलं, पत्र्याला कड आली, पत्रा वाकडा असला, की कागद-पेन्सिल तिथेच थांबते. एका बाजूनं उभी, दुसऱ्या बाजूनं मध्येच उतार बदलणारी, वरून भूकंपानं हलणारी भिंत तर लांबच.

अनंताला असं तुकड्यांनी घेरण्याची युक्ती जुनी आहे. आर्किमिडीजनं वर्तुळाचा परीघ मोजायला वर्तुळाच्या आत ९६ बाजूंची आकृती बसवली आणि बाहेरूनही ९६ बाजूंची दुसरी वेढली. वक्र रेषा मोजता येत नाही, सरळ बाजू मोजता येते. आतली आकृती परिघापेक्षा नेहमी थोडी कमी भरणार, बाहेरची थोडी जास्त, आणि खरं उत्तर त्या दोघींच्या कोंडीत सापडणार. त्यातली ‘आतली आकृती नेहमी कमी भरते’ ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे नॉर्वेतल्या समुद्रात तिची गाठ पडणार आहे.

आता प्रत्यक्ष पद्धत. ती समजायला धरण नको, दोन स्प्रिंगा पुरतात. मी ज्याला ज्याला हे शिकवलं त्याला आधी याच दोन स्प्रिंगा दिल्या, आणि संगणक बंद ठेवायला लावला.

छताला एक स्प्रिंग टांगली. ती १ सेंटिमीटर ताणायला २ किलो वजन लागतं. तिच्या खालच्या टोकाला दुसरी स्प्रिंग अडकवली, ती जरा मऊ, तिला १ सेंटिमीटर ताणायला १ किलो पुरतं. सगळ्यात खाली ६ किलोचं वजन. दोन स्प्रिंगांच्या मधली गाठ किती खाली येईल, आणि खालची गाठ किती?

हे तोंडी सुटतं. पण तोंडी सोडवू नका, कारण तोंडी रीत स्प्रिंगा दोनच्या वीस झाल्या की, किंवा एकमेकींत गुंतल्या की, हात टेकते. आपण प्रत्येक गाठीला एकच प्रश्न विचारू: तुझ्यावरची ओढाताण जुळते का? मधल्या गाठीचं सरकणं ‘म’, खालच्या गाठीचं ‘ख’. वरची स्प्रिंग मधल्या गाठीला २ × म इतक्या जोरानं वर ओढते. खालची स्प्रिंग तिला ख − म इतक्या जोरानं खाली ओढते. दोन्ही सारखे असले तरच गाठ स्थिर राहील, म्हणून ३म − ख = ०. खालच्या गाठीवर ६ किलो आहे आणि तिला धरून ठेवणारी एकच स्प्रिंग, म्हणून ख − म = ६. दोन ओळी, दोन अज्ञात. म येतो ३ सेंटिमीटर, ख येतो ९.

आता त्या पहिल्या ओळीतला ३ नीट बघा. तो कुठून आला? वरच्या स्प्रिंगेचे २ आणि खालच्या स्प्रिंगेचा १. दोघींनी आपापला ताठरपणा, ज्याला इंजिनिअर स्टिफनेस म्हणतात, त्या सामायिक गाठीच्या खात्यात जमा केला. खालच्या स्प्रिंगेला छत कुठे आहे हे माहीत नाही. वरच्या स्प्रिंगेला वजन किती टांगलंय याचा पत्ता नाही. तरी गाठीच्या खात्यात दोघींची बेरीज झाली आणि सगळ्या रचनेचं उत्तर बाहेर आलं. फायनाइट एलिमेंटचा गाभा या बेरजेत आहे. पुढे स्प्रिंगेच्या जागी पोलादाचा त्रिकोण येतो, काँक्रीटचा चौकोन येतो, दोनच्या जागी वीस लाख गाठी येतात, पण जमाखर्चाची रीत हीच राहते.

दहीहंडीचा थर आठवा. तिसऱ्या थरातल्या गोविंदाला इतकंच कळतं की आपल्या खांद्यावर कुणाचे पाय आहेत आणि आपले पाय कुणाच्या खांद्यावर आहेत. हंडीपाशी पोचलेलं पोर त्याला दिसतही नाही. तळाच्या गोविंदालाही फक्त आपल्या खांद्यांपुरतं कळतं. तरी त्या पोराचं वजन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर उतरत शेवटी रस्त्यात जिरतं. प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्यांपुरता हिशेब जुळवला, आणि सगळा मनोरा उभा राहिला.

ज्याला खरोखरची स्प्रिंग असते त्याचं ठीक, पण काँक्रीटमध्ये स्प्रिंगा कुठे? इथे खरी कल्पकता लागली. काँक्रीटचा एक छोटा त्रिकोण घ्या. त्याला तीन कोपरे. प्रत्येक कोपरा आडवा सरकू शकतो आणि उभा सरकू शकतो, म्हणजे सहा आकडे. त्रिकोणाच्या आत मात्र बिंदू अनंत आहेत. त्यांचं काय करायचं? उत्तर धाडसी आहे: गृहीत धरायचं. कोपरे किती सरकले हे ठरलं की आतला प्रत्येक बिंदू त्या तिघांच्या सरकण्याच्या सरळ प्रमाणात सरकतो असं मानायचं, तीन खुंट्यांवर ताणून बसवलेल्या कागदासारखं. हे खरं नाही. खऱ्या भिंतीत बिंदू असे इमानदारीनं सरळ रेषेत सरकत नाहीत. पण त्रिकोण लहान असेल तर खोटं थोडंच असतं, आणि त्या थोड्या खोट्याच्या बदल्यात अनंत अज्ञातांचे सहा होतात. मग त्रिकोण म्हणजे सहा टोकांची एक स्प्रिंगच झाली. तिचा ताठरपणा सहा ओळी आणि सहा रकान्यांच्या तक्त्यात मावतो.

त्या तक्त्याची एक गंमत सांगायलाच हवी. तो कर्णावर घडी घातल्यासारखा सारखा असतो. म्हणजे त्या सहांपैकी पहिल्या दिशेला ढकलल्यावर पाचव्या दिशेला जेवढा परिणाम होतो, बरोबर तेवढाच पाचव्या दिशेला ढकलल्यावर पहिल्यावर होतो. हे फक्त त्रिकोणापुरतं नाही, पुलालाही लागू आहे. पुलाच्या एका टोकाजवळ वजन ठेवून मध्यभाग किती वाकला ते मोजा, मग तेच वजन मध्यभागी ठेवून टोकाजवळची ती जागा मोजा. आकडा तोच. मॅक्सवेलनं हे १८६४ मध्ये दाखवलं. वीज आणि चुंबक यांना एकत्र बांधणारा तोच मॅक्सवेल, सवडीत पुलांच्या सांगाड्यांवरही विचार करत होता.

त्रिकोणांची ही कल्पना कागदावर पहिल्यांदा स्वच्छ मांडली ती एका गणितज्ञानं. रिचर्ड कूरां हे ग्योटिंगेनचे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना तिथून काढलं आणि ते न्यूयॉर्कला स्थिरावले. १९४३ मध्ये छापलेल्या एका निबंधाच्या शेवटी त्यांनी पीळ दिलेल्या पोकळ दांड्याचा प्रश्न त्रिकोण पाडून सोडवून दाखवला. इंजिनिअरांचं तिकडे लक्षच गेलं नाही. जाणारही कसं? त्रिकोण जितके जास्त तितकी समीकरणं जास्त, आणि ती हातानं सोडवायला माणूस कुठून आणायचा? निबंध आणि संगणक यांच्या जन्माची वेळ जरा चुकली होती.

पुढची ठिणगी सिएटलला, बोइंगच्या कारखान्यात पडली. जेट विमानांचे पंख आता लांब पट्टीसारखे राहिले नव्हते, मागे वळलेले आणि त्रिकोणी होऊ लागले होते. पंखाला तुळई मानून करायचा जुना हिशेब तिथे लागू पडेना. रे क्लफ हे बर्कली विद्यापीठातले सिव्हिल इंजिनिअर १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळ्यात बोइंगमध्ये जॉन टर्नर यांच्या हाताखाली काम करायला गेले आणि तिथे पंखाचा पत्रा त्रिकोणांत तोडून बघितला गेला. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा निबंध १९५६ मध्ये आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० च्या निबंधात दिलं. क्लफ विमानाचे नव्हते, माती-काँक्रीटचे होते, म्हणून बर्कलीला परतल्यावर त्यांनी ही युक्ती जमिनीवर आणली. त्यांनी आणि एड विल्सन यांनी केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यातलं नॉरफोर्क धरण. त्या काँक्रीटच्या धरणाला उभा तडा गेला होता आणि त्या तड्यानिशी भिंतीत ताण कसे वाहतात हे बघायचं होतं. विमानाच्या पंखासाठी जन्मलेली पद्धत पाच-सात वर्षांत धरणाच्या भिंतीत पोचली.

आणि मग कोयना.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरच्या परिसरात सहापेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती पहाट अजून सांगितली जाते. धरण उभं राहिलं. पण भिंतीच्या उंच खांडांवर, म्हणजे उभ्या भागांवर, पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, दोन्ही अंगांना आडवे तडे दिसले. पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार नेमका तिथेच बदलतो. खाली पसरट असलेली भिंत त्या रेषेवर एकदम सरळ होते, खांद्यावरून मान निघावी तशी. तडा मानेला गेला होता.

असं का व्हावं? धरण बांधताना भूकंपाचा विचार झाला होता. त्या काळच्या जगभरच्या रीतीप्रमाणे भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर, खाली-वर सगळीकडे सारखा धरला होता. या रीतीत एक समजूत दडलेली आहे: जमीन हलली की भिंत एखाद्या दगडासारखी सबंधच्या सबंध हलते. भिंत मात्र ज्वारीच्या ताटासारखी डोलते. पायथा जेवढा हलतो त्याच्या कितीतरी पट माथा हलतो. १०३ मीटर उंचीची ती काँक्रीटची भिंत स्वतःच्या लयीत सेकंदाला सुमारे तीन झोके घेते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा घाटातून दिसणारी ती निश्चल करडी भिंत डोळ्यांपुढे आली आणि मनाला तो पटेचना. धरणातच बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटे जमिनीचे धक्के टिपून ठेवले होते. भिंतीला आडव्या दिशेनं बसलेला सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता. मोठ्या धरणाच्या पायाशी इतक्या जवळून टिपलेला इतका जोरकस भूकंप आणि त्याच धरणाला प्रत्यक्ष गेलेले तडे, प्रश्न आणि उत्तर दोन्ही निसर्गानं एकाच जागी लिहून ठेवले होते. जगभरच्या अभ्यासकांनी कोयनेला धरून ठेवलं ते यासाठी.

बर्कलीमध्येच क्लफ यांचे सहकारी अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी त्या नोंदी घेऊन भिंतीला फायनाइट एलिमेंटमध्ये हलवलं आणि १९७३ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्ही अंगांवर, उतार बदलतो त्याच उंचीच्या आसपास, खेच काँक्रीटच्या सोसण्याच्या दोन ते तीन पट गेलेली दिसली. काँक्रीट दाब हसत सोसतं, खेच मात्र त्याला सोसवत नाही. तडा जिथे जायला हवा होता तिथेच गेला होता.

भिंत हलवली असं म्हटलं, पण हलवायची कशी? प्रत्येक गाठीला आता ताठरपणाबरोबर वजनही द्यावं लागतं. मग वेळेचेही तुकडे करायचे. सेकंदाच्या एका छोट्या अंशात जमीन इतकी सरकली, तर सगळ्या गाठी कुठे गेल्या? तिथून पुढच्या अंशात? असं करत दहा सेकंद जगायचं. एका दमात आठशेवर गाठी, दर गाठीला दोन दिशा, आणि हे हजारो वेळा. धरणामागचं पाणी तर आणखी एक कोडं, कारण भिंत पुढे-मागे झाली की पाणीही तिच्याबरोबर रेटलं जातं. यावर वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्येच एक देखणी वाट काढून ठेवली होती. भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला जणू पाण्याचा एक थर कायमचा चिकटून बसलाय, वर पातळ आणि खाली जाड, आणि भिंत त्याचं ओझं घेऊन डोलते असं मानायचं. अथांग जलाशयाच्या जागी भिंतीच्या अंगावरचं थोडं जादा वजन. अबॅकसच्या पुस्तिकेतही कोयनेचं पाणी असंच मांडलंय.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा मात्र त्या मानेपाशी आहे. जाळी जरा बारीक करून हिशेब पुन्हा केला की उत्तर खऱ्याच्या जवळ जातं असं आपण मानतो. पत्र्यातल्या गोल भोकाशी करून बघा: चार-सहा ढोबळ तुकड्यांत ताण तिपटीच्या बराच खाली दिसतो, तुकडे बारीक करत गेलं की किर्शच्या तीनजवळ येऊन स्थिरावतो. हे घडताना स्वतः बघणं, हा या विषयातला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस होता. पण कोयनेच्या मानेत आतल्या बाजूला टोकदार कोपरा आहे. तिथे जाळी बारीक करा, ताण वाढतो. आणखी बारीक करा, आणखी वाढतो. तो कुठेच स्थिरावत नाही, कारण धारदार कोपऱ्यातल्या गणिती ताणाला वरची मर्यादाच नाही. मग तडा जाईल की नाही हे कसं सांगायचं? बिंदूवरचा ताण बघणं सोडून, तडा उघडायला दर चौरस मीटरला किती ऊर्जा लागते ते विचारायचं. ही ऊर्जा प्रयोगशाळेत मोजता येते आणि जाळी बारीक-जाड केल्यानं ती बदलत नाही. आजच्या पुस्तिकेतली कोयना याच रीतीनं तडकते. चार-पाच सेकंदांच्या दरम्यान मागच्या अंगावर, उतार बदलतो तिथून तडा निघतो आणि पाण्याकडे आत सरकतो.

आता नॉर्वे. स्टावांगरजवळच्या गांड्सफ्योर्ड खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर-ए या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा पाया पाण्यात हळूहळू बुडवून तपासला जात होता. एकमेकांना चिकटलेल्या २४ प्रचंड नळ्यांचा तो पाया. तीन नळ्या जिथे भेटतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते, तिला ट्रायसेल म्हणतात, आणि तिच्यात समुद्राचं पाणी असतं. ६५ मीटर खोलीवर एका ट्रायसेलची भिंत फुटली. काही मिनिटांत सगळा पाया तळाला जाऊन आदळला आणि फुटला. तो हादरा भूकंपमापकांवर तीन तीव्रतेचा उमटला. माणसं वाचली, पण जवळपास ७० कोटी डॉलरचं नुकसान झालं. चौकशीत कळलं की फायनाइट एलिमेंटच्या हिशेबात ट्रायसेलच्या कोपऱ्यातले एलिमेंट ढोबळ आणि तिरके पडले होते. भिंतीला कातरणारा जोर ४७ टक्के कमी आला होता, आणि त्यावरून ठरवलेल्या सळयाही तोकड्या पडल्या. नंतर नीट जाळी घालून हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटरला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली ६५ ला.

आर्किमिडीजची आतली आकृती इथे आठवते. सरळ बाजूंना वक्रतेला पूर्ण कवेत घेता येत नाही, म्हणून ती कमी भरते. तसंच, आतले बिंदू सरळच सरकतील अशी सक्ती केलेला त्रिकोण खऱ्या काँक्रीटपेक्षा जास्त ताठ असतो. त्याला हवं तसं वाकायची मुभाच नसते. ढोबळ जाळीतली रचना म्हणून खऱ्यापेक्षा कमी वाकते, आणि अडचणीच्या कोपऱ्यांतला ताण बहुधा कमी दाखवते. चूक कुठल्या बाजूला झुकते हे आधीपासून माहीत असतं. ज्यानं दोन स्प्रिंगा आणि एक त्रिकोण हातानं सोडवलाय त्याला ते आतून माहीत असतं. ज्यानं फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकली त्याच्यासमोर निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेलं एक देखणं चित्र येतं, आणि चित्र कधीच सांगत नाही की मी चुकलोय. हे मी शिकणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, कारण असं चित्र बघून खूश झालेला मीही होतो. एका यंत्रभागाच्या हिशेबात भार चुकून दहापट कमी दिला गेला होता आणि रंग तितकेच सुंदर होते. शेजारी बसलेल्या वयस्कर ड्राफ्ट्समननं पाटीवर केलेल्या दोन ओळींच्या गुणाकारानं ते पकडलं.

अशी एक पाटी कोयनेसाठीही करता येते. पुस्तिकेत पाण्याची खोली ९१.७५ मीटर धरली आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पाण्याचा दाब वर शून्य आणि खाली सगळ्यात जास्त, म्हणजे सरासरी निम्मा. तेव्हा भिंतीच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा आडवा रेटा म्हणजे ९१.७५ चा वर्ग, भागिले दोन: सुमारे ४,२०९ टन. अर्ध्या मिनिटाचं काम. आता जाळीतल्या पायाच्या सगळ्या गाठींनी मिळून, भूकंप सुरू होण्याआधी, तेवढाच आडवा आधार परत द्यायला हवा. ४,२०९ आला तर पुढे बघायचं. न आला तर रंग कितीही मोहक असोत, चित्र मिटवून पुन्हा पहिल्या गाठीपासून.

भूकंपानंतर कोयनेच्या उंच खांडांना मागून काँक्रीटचे टेकू बांधून काढले. ते टेकू पुस्तिकेतल्या छेदात नाहीत. तिथली भिंत अजून ११ डिसेंबरच्या पहाटेचीच आहे, टेकूंशिवाय, मानेवर धारदार कोपरा असलेली. जगात कुठेतरी कुणी विद्यार्थी आज तिच्या उंचीच्या जागी १०३ लिहील, जाळी घालेल, आठशेवर गाठींना पायाची हालचाल देईल, आणि चौथा सेकंद उलटला की ६६ मीटरवर बघत थांबेल.